युरोपच्या भटकंतीसाठी केबिनमध्ये मावणारी टिकाऊ सॅक कशी निवडावी

एकाच दौऱ्यात चार-पाच शहरं करायची असतील आणि टूर कंपनीची बस हॉटेलच्या दाराशी उभी राहणार नसेल, तर सामान तुम्हालाच वाहायचं आहे. चाकांची बॅग मुंबईच्या टर्मिनल २ वर छान पळते. प्रागच्या जुन्या शहरातल्या दगडी रस्त्यांवर तीच बॅग खडखडाट करत सगळ्या गल्लीला जागं करते. व्हेनिसमध्ये स्टेशनाबाहेर पडलं की पूल आणि पूल म्हटलं की पायऱ्या. पॅरिसच्या जुन्या मेट्रो स्टेशनांमध्ये सरकते जिने असतीलच असं नाही. ॲमस्टरडॅमच्या जुन्या घरांतले जिने तर इतके उभे आणि अरुंद असतात की दोन्ही हात मोकळे लागतात. म्हणून पाठीवरची सॅक, तीही विमानात आपल्यासोबत येणारी. चेक-इन सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळणं नाही, बॅग भलत्याच शहरात पोचली म्हणून तक्रारी करणं नाही.

एक सूचना आधीच. मणक्याचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल, सोबत तान्हं मूल असेल किंवा जानेवारीत नॉर्वेला निघाला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. खुशाल मोठी बॅग चेक-इन करा. एप्रिल ते ऑक्टोबर, दोन-तीन आठवडे, स्वतः आखलेला प्रवास असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी पुढे वाचावं.

१. आधी तिकिटं, मग सॅक

बहुतेक जण उलटं करतात. सेलमध्ये ४५ लिटरची सुंदर सॅक दिसते, घेतली जाते आणि मग रोमच्या स्वस्त विमानाचं तिकीट काढताना कळतं की फुकट फक्त सीटखाली मावणारी पिशवी न्यायची आहे. सॅकचं माप ठरवते तुमच्या दौऱ्यातली सगळ्यात कडक विमान कंपनी. बाकीच्या कितीही उदार असोत.

उदाहरणार्थ हा मार्ग घ्या: मुंबईहून आखाती विमानाने पॅरिस, तिथून रेल्वेने ॲमस्टरडॅम, पुढे बसने प्राग, प्रागहून स्वस्त विमानाने रोम, रेल्वेने व्हेनिस आणि मिलान, मिलानहून परत. यात नियमांचे तीन वेगळे संच लागू होतात.

पहिला संच भारतातून निघतानाचा. इथे इकॉनॉमीत एकच हँडबॅग, वजन ७ किलो, लांबी-रुंदी-जाडीची बेरीज ११५ सेंटिमीटर हा हिशोब धरून चाला. एअर इंडिया आणि एमिरेट्स, कतार, एतिहाद यांसारख्या आखाती कंपन्या इकॉनॉमीला ७ किलोच देतात. लुफ्थान्सा ८ किलो देते, माप ५५ × ४० × २३. टर्किशचंही तसंच. एअर फ्रान्स आणि केएलएम १२ किलो म्हणतात तेव्हा मन हरखतं, पण ते १२ किलो मुख्य बॅग आणि छोटी पर्स-पिशवी मिळून असतात आणि बॅगेचं माप ५५ × ३५ × २५ आहे, म्हणजे रुंदीला कमी.

दुसरा संच युरोपातल्या स्वस्त कंपन्यांचा. फुकटच्या बॅगेची मापं अशी:

- रायनएअर: ४० × ३० × २० (पूर्वी ४० × २५ × २० होतं, २०२५ मध्ये वाढवलं)
- विझ एअर: ४० × ३० × २०, वजन १० किलोपर्यंत
- ईझीजेट: ४५ × ३६ × २०, वजन १५ किलोपर्यंत

यापेक्षा मोठी बॅग हवी तर जादा पैसे भरावे लागतात. रायनएअर आणि विझ यांच्या 'प्रायॉरिटी'त १० किलोची वेगळी केबिन बॅग मिळते. रायनएअरचं तिचं माप ५५ × ४० × २०, विझचं ५५ × ४० × २३. हे पैसे तिकीट काढतानाच भरले तर परवडतं. गेटवर पकडलं गेलं तर दंडवजा आकार सत्तर-पंचाहत्तर युरोंपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे कित्येकदा तिकिटापेक्षा जास्त.

स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हँडबॅगेचे पैसे लावण्यावरून पाच विमान कंपन्यांना मिळून सुमारे १७.९ कोटी युरोंचा दंड ठोठावला. केबिन बॅग फुकट असावी का यावर युरोपात रीतसर वाद चालू आहे. त्या वादाच्या भरवशावर बॅग भरू नका. हे आकडे कंपन्या अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढल्यावर त्या-त्या कंपनीच्या संकेतस्थळावरच्या बॅगेज पानाचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा.

तिसरा संच रेल्वे आणि बसचा आणि तो सगळ्यात सोपा. फ्लिक्सबसमध्ये ४२ × ३० × १८ ची छोटी बॅग सोबत आणि २० किलोपर्यंतची मोठी डिकीत जाते. फ्रान्समधल्या स्वस्त उईगो गाड्यांत मात्र केबिनच्या मापापेक्षा मोठ्या सामानाचे पैसे पडतात. फ्रेंच रेल्वेत सामानावर नावाची चिठ्ठी लावणं सक्तीचं आहे, ती घरूनच लावून घ्या.

२. किती लिटर? खरं तर दोनच पर्याय

४० × ३० × २० चा गुणाकार २४ लिटर येतो, ५५ × ४० × २० चा ४४ लिटर. सॅकचे कोपरे गोलसर असल्याने प्रत्यक्षात थोडं कमी बसतं. त्यामुळे व्यवहारात निवड दोन मापांतच आहे.

२० ते २४ लिटर: दौऱ्यात दोन किंवा जास्त स्वस्त विमानं असतील, उन्हाळा असेल आणि दर चार-पाच दिवसांनी कपडे धुवायची तयारी असेल तर.

३५ ते ४० लिटर: एखादंच स्वस्त विमान असेल आणि त्याला प्रायॉरिटीचे पैसे भरणार असाल तर.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी ३५ ते ४० सांगते. पंधरा-वीस युरो जास्त गेले तरी चालतील, पण पहिल्याच दौऱ्यात एका टी-शर्टवर तीन शहरं काढायचा निग्रह सगळ्यांना झेपत नाही. ४५ च्या वर मात्र जाऊ नका. जागा असली की ती भरते, मग ७ किलोंचं गणित कोलमडतं.

सापळा: लिटर बघून माप गृहीत धरू नका. ४० लिटरच्या दोन सॅकपैकी एक ५४ सेंटिमीटर उंच असते, दुसरी ६२. ट्रेकिंगच्या दुकानातल्या सॅक बहुधा उंच आणि निमुळत्या असतात. हरिश्चंद्रगड किंवा रतनगडाला नेलेली ५०-६० लिटरची सॅक घरात असेल तर तीच न्यायचा मोह होईल. तिची उंची ५५ मध्ये बसत नाही, ती फक्त वरून उघडते आणि बाहेर लोंबणारे पट्टे विमानतळाच्या यंत्रात अडकतात. ती सह्याद्रीसाठी राहू दे.

३. रिकाम्या सॅकचं वजन बघा

टिकाऊ म्हणजे जाडजूड असं समीकरण आपल्या मनात पक्कं असतं. पण ७ किलोंच्या मर्यादेत प्रत्येक ग्रॅम कशातून तरी वजा होतो. अडीच किलोची भक्कम सॅक घेतलीत तर सामानाला साडेचार किलो उरतात. एक किलोची घेतलीत तर सहा. म्हणून ३५-४० लिटरच्या सॅकचं रिकामं वजन १ ते १.५ किलोच्या दरम्यान असावं. प्रवासी सॅकमध्ये बरीच नावाजलेली ऑस्प्रे फारपॉइंट ४० सुमारे दीड किलोची आहे, ही वरची हद्द धरा. पीक डिझाइनची ४५ लिटरची सॅक बनावटीला सुरेख असते, पण दोन किलोंच्या आसपास भरते. आखाती विमानाने जाणाऱ्याला ती परवडत नाही, पैशांनीही आणि वजनानेही. चाकं आणि पट्टे दोन्ही असलेल्या सॅक तर यादीतूनच काढा.

एक किलोच्या खालच्या, घडी घालून खिशात बसणाऱ्या सॅकही मिळतात. त्या दिवसभर गावात फिरायला घ्या. मुख्य सॅक म्हणून नकोत.

४. पाठीचं माप घ्या

मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी मणक्याचं एक हाड उठून दिसतं. तिथून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडेला जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर म्हणजे पाठीची लांबी. घरातल्या कुणाला तरी शिवणाची टेप धरायला सांगा. तुमची उंची आणि पाठीची लांबी यांचा थेट संबंध नसतो. पाच फूट दोन इंचांच्या दोन बायकांच्या पाठी वेगवेगळ्या निघतात.

कमरेचा पट्टा सहा-सात किलोंना लागतोच का? पाठ धडधाकट असेल तर विमानतळ ते स्टेशन एवढ्यासाठी नाही. पण हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळणार आणि तुम्ही सकाळी आठला पोचलात, की त्या सात तासांत तो पट्टा आठवतो. मात्र तो कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. पोटावर येत असेल तर सॅक तुमच्या पाठीला लांब आहे. पट्टा काढता किंवा आत दडवता येत असेल तर उत्तम, विमानात वर ठेवताना अडकत नाही. छातीवरचा आडवा पट्टा वर-खाली सरकणारा हवा. बायकांसाठी खांद्याच्या पट्ट्यांचा वळसा वेगळा असलेल्या सॅक निघतात, ऑस्प्रेची फेअरव्ह्यू ही फारपॉइंटचीच तशी जोडीदार. त्या घालून बघा, फरक लगेच जाणवतो.

५. टिकाऊपणा नेमका कुठे असतो

दुकानदार तुम्हाला कापड दाखवेल, नख ओढून दाखवेल, पाणी ओतून दाखवेल. सॅक कापडावरून फाटणं तसं विरळाच. ती जाते चेनपाशी, खांद्याचा पट्टा जिथे शिवलाय तिथे आणि आतल्या थरापाशी. बघायचं ते या क्रमाने बघा.

*चेन.* चेनच्या रनरच्या मागे बहुधा एक आकडा असतो: ३, ५, ८, १०. बंद दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर असते. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० हवी, बाहेरच्या खिशांना ५ चालते. मुख्य कप्प्याला ५ नंबरची चेन असेल तर सॅक कितीही देखणी असो, खाली ठेवा. गोल वळणाऱ्या तोंडाला नायलॉनच्या वेटोळ्याची चेन चांगली. ती वाकते आणि मधेच उघडली तर रनर मागे नेऊन पुन्हा ओढला की बहुधा बसते. सुट्या जाड प्लॅस्टिक दातांची चेन मळ-मातीला चांगली, पण एक दात तुटला की सगळी बदलावी लागते. वायकेके हे जपानी नाव बहुतेकांना माहीत असतं, आणि माहीत असल्यामुळेच त्याची नक्कलही होते. नावापेक्षा हाताने तपासा: सॅक गच्च भरून, एका हाताने, कोपऱ्यांवरून चेन फिरवा. कोपऱ्यात अडकत असेल तर ती तिथेच एक दिवस तुटणार. रबरी दिसणाऱ्या 'वॉटरप्रूफ' चेनला भुलू नका, तिचा थर वापराने निघतो आणि ती फिरवायलाही जड जाते.

*जोड आणि शिवण.* खांद्याचे पट्टे वरून जिथे सॅकला जोडलेत तिथे आडव्या दाट टाक्यांच्या पट्ट्या किंवा चौकटीत फुलीची शिवण दिसली पाहिजे. एकेरी सरळ शिवण असेल तर नाही. आता सॅक उलटी करा, म्हणजे खरोखर आतलं बाहेर काढा. कापडाच्या कडांवर पट्टी शिवलेली आहे का? उघड्या कडांचे धागे सुटत असतील तर वर्षभरात शिवण सरकेल. उचलायच्या मुठी वरच्या आणि बाजूच्या अशा किमान दोन असाव्यात, कारण विमानात आणि रेल्वेच्या मांडणीवर सॅक पट्ट्याने नव्हे, मुठीनेच खेचली जाते. मूठ धरून जोरात हिसका द्या. दुकानदार बघत असेल तर बघू दे.

*कापड.* कापडावर ४२० डी, ६०० डी, १००० डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर: ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड आणि सॅक जड. एवढंच. नायलॉन आणि पॉलिएस्टर यांची तुलना डेनियरवरून करता येत नाही, सारख्या आकड्याला नायलॉन घासणं जास्त सोसतं. पॉलिएस्टर उन्हात जास्त टिकतं, पण सॅक काही वाळवणासारखी गच्चीवर राहणार नाही. ४२० डीचं चौकडीच्या विणीचं नायलॉन या प्रवासाला भरपूर झालं. ५०० डी कॉर्ड्युरा (घासणं सोसणाऱ्या कापडाचा एक ब्रँड) मिळालं तर छानच. १००० च्या पुढचं कापड सैनिकी कामाला ठीक, तुम्ही पॅरिसचं लूव्हर संग्रहालय बघायला चालला आहात. तळाला मात्र जाड किंवा दुहेरी कापड असावं.

*आतला थर.* याकडे आपल्याकडच्या लोकांनी जास्त लक्ष द्यावं. कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवण्यासाठी बहुधा पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. दमट हवेत त्याचं रासायनिक विघटन होतं. आधी तो चिकट होतो, मग पांढरट पापुद्रे सुटतात आणि कपड्यांना लागतात. मुंबई, कोकण, गोवा इथे तीन-चार पावसाळे माळ्यावर बंद राहिलेल्या सॅकचं हेच होतं, ती एकदाही न वापरता. म्हणून जुना साठा सवलतीत विकायला निघालेला असेल तर आत हात घालून बघा. हाताला चिकट लागलं किंवा आंबूस वास आला तर कितीही स्वस्त असो, नको. टीपीयूचा (थर्मोप्लॅस्टिक पॉलियुरेथेनचा) थर असलेली कापडं याबाबतीत जास्त तग धरतात.

*बकल.* कमरेचं बकल पट्ट्याच्या दुमडलेल्या शिवणीत कायमचं अडकवलेलं असेल तर तुटल्यावर शिवण उसवावी लागते. पट्ट्यात सरकवून बसवता येणारं असेल तर दुसरं घालता येतं.

खांद्याच्या पट्ट्यातला फोम बोटाने दाबा. लगेच वर आला पाहिजे. खड्डा राहिला तर महिन्याभरात त्याची चपाती होईल.

६. उघडते कशी, कप्पे कुठे

सुटकेससारखी तिन्ही बाजूंनी उघडणारीच घ्या. प्रागच्या होस्टेलमध्ये रात्री अकराला, दिवा न लावता, इतरांची झोप न मोडता मोजे काढायचे असतात. वरून उघडणाऱ्या सॅकमध्ये ते तळाशीच असतात.

लॅपटॉप किंवा टॅबलेट नेणार असाल तर त्याचा कप्पा पाठीला लागून असावा आणि सुरक्षा तपासणीत सगळी सॅक न उघडता तो बाहेर निघावा. पाण्याच्या बाटलीचा खिसा बाहेर हवा. या दोन्ही गोष्टी तुम्हाला नको असतील तर आणखी कप्पे शोधू नका. प्रत्येक कप्प्याला कापड, अस्तर आणि चेन लागते, म्हणजे वजन. आत दोन-तीन कापडी पाऊच घातले की काम भागतं.

चोरीचं काय? बार्सिलोनाची मेट्रो, पॅरिसची गर्दीची मेट्रो, रोमची टर्मिनी या मुख्य स्टेशनाहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस या पाकीटमारांच्या हक्काच्या जागा म्हणून प्रसिद्ध आहेत. पाठीवरच्या सॅकच्या बाहेरच्या खिशात फोन, पासपोर्ट, पैसे काहीच नको. पाठीला टेकणाऱ्या बाजूला लपलेला खिसा असेल तर चांगलं. मुख्य चेनचे दोन्ही रनर एकमेकांत कुलपाने अडकवता येत असतील तर छोटं कुलूप लावा, पण त्यावर विसंबू नका. वेटोळ्याची चेन बॉलपेन खुपसून उघडता येते आणि रनर फिरवून पुन्हा बंदही होते. गर्दीत सॅक पुढे, पोटाशी. जरा वेडं दिसतं, तिथले स्थानिकही तसंच करतात.

७. विकत घेताना

शक्यतो दुकानात जाऊन घ्या. डेकॅथलॉनची दुकानं मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत आहेत, तिथे कुणी घाई करत नाही. जाताना हे सोबत न्या:

- शिवणाची टेप
- सामान मोजायचा लटकता डिजिटल काटा
- घरचे सहा-सात किलोंचे कपडे एका पिशवीत, किंवा दुकानातलीच जड वस्तू
- प्रवासात घालणार तेच जाकीट आणि बूट

सॅक भरा, पट्टे आवळा आणि दुकानात वीस मिनिटं फिरा. जिना असेल तर चढा-उतरा. दोन मिनिटांत सगळ्याच सॅक आरामशीर वाटतात. नंतर भरलेली सॅक टेपने मोजा, पट्टे, मुठी आणि फुगलेला पुढचा खिसा धरून. कंपनीने छापलेलं माप रिकाम्या सॅकचं असतं आणि विमानतळावरचा लोखंडी साचा भरलेल्या सॅकला विचारतो. माझ्या मावसबहिणीची सॅक कागदोपत्री अगदी मापात होती, पण पुढच्या खिशात छत्री आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता. गेटवर तिने लाडू वाटून टाकले, छत्री हातात घेतली आणि सॅक साच्यात बसली.

ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत बघा आणि त्या मुदतीत घरात हाच प्रयोग करा, लेबल न कापता. परदेशी ब्रँडच्या 'आजीवन हमी'चं भारतात काय होतं हे विक्रेत्याला आधी विचारा: दुरुस्ती इथे होते की सॅक बाहेर पाठवावी लागते, टपालखर्च कुणाचा, बिल लागतं का. बिलाचा फोटो काढून ठेवा, छापील बिलावरची शाई उडून जाते.

किमतीचं सांगायचं तर चार-सहा हजारांत बरी सॅक मिळते, पंधरा-वीस हजारांत नावाजलेली. दर दोन-तीन वर्षांनी एकदा जाणाऱ्याला पहिल्या गटातली पुरते, वरच्या पाच तपासण्यांतून ती पास झाली असेल तर. उरलेल्या पैशांचा चांगला रेनकोट घ्या.

८. सात किलोंत काय बसतं

हिशोब कागदावर मांडला की भीती जाते. सॅक १.४ किलो. तीन टी-शर्ट, एक जास्तीची पँट, आतले कपडे, मोजे, एक थर्मल आणि पातळ रेनकोट मिळून दोन किलोंच्या आत. साबण-पेस्ट वगैरे अर्धा किलो. चार्जर, पॉवरबँक, वायरी पाऊण किलो. औषधं २०० ग्रॅम. हलकी चप्पल अर्धा किलो. खाऊ एक किलो. बेरीज फार तर ६.३५ किलो. जीन्स एकच आणि ती अंगावर, कारण तिचं वजन सहाशे-आठशे ग्रॅम असतं. जाकीट आणि जड बूटही अंगावर.

द्रव पदार्थ १०० मिलिलिटरच्या बाटल्यांत आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. युरोपातल्या काही विमानतळांवर नवी यंत्रं आल्याने हा नियम शिथिल झालाय, पण तुमच्या प्रत्येक थांब्यावर तसं असेल असं नाही, म्हणून जुनाच नियम पाळा. पॉवरबँक फक्त केबिनमध्येच नेता येते, १०० वॉट-अवरपर्यंत परवानगीशिवाय. २०,००० एमएएचची बँक ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर होते, म्हणजे चालते. आकडा तिच्यावर स्पष्ट छापलेला असावा. पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. आणि गेटवर तुमची सॅक खाली डिकीत टाकायला घेतली, तर बँक आधी काढून खिशात घाला.

आता खाऊ. मिरचीचं लोणचं हँडबॅगेत भारतातल्या तपासणीतच अडकतं. तूप हे द्रवात मोजलं जातं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायलाच बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा घरीच. ताजी फळं-भाज्या आणि कढीपत्त्यालाही मनाई. केळी, नारळ, अननस, खजूर यांसारखे थोडे अपवाद आहेत. चकली, शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट, तेलातल्या, बिनदुधाच्या दशम्या, पाकीटबंद उपम्याचं मिश्रण हे निर्धास्त न्या. मिश्रणाच्या पाकिटावर दूध पावडर नाही ना, तेवढं वाचा.

९. कागदपत्रं: सॅकमध्ये नको, अंगावर

सॅक केबिनची असली तरी ती कधीही तुमच्यापासून दूर जाऊ शकते: बसच्या डिकीत, हॉटेलच्या सामानघरात, गच्च विमानाच्या पोटात. म्हणून छोट्या गळ्यातल्या किंवा कमरेच्या पाऊचमध्ये हे हवं:

- पासपोर्ट, त्यावरचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा)
- किमान ३०,००० युरोंचं संरक्षण असलेली प्रवास विमा पॉलिसी, छापील
- परतीचं तिकीट आणि हॉटेल बुकिंग, सीमेवर विचारू शकतात
- डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांच्या मूळ (जेनेरिक) नावांसह
- एक कार्ड आणि थोडे युरो. दुसरं कार्ड वेगळ्या जागी

या सगळ्यांचे फोटो फोनमध्ये, आणि नेट नसतानाही उघडतील असे.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. रांग लांबते, त्यामुळे पुढचं विमान दोन तासांत पकडायचं असेल तर तिकीट काढण्याआधी विचार करा. रायनएअरने जायचं असेल तर आणखी एक: युरोपबाहेरच्या नागरिकांना सुरक्षा तपासणीआधी काउंटरवर पासपोर्ट-व्हिसा दाखवून घ्यावा लागतो. ॲपवर बोर्डिंग पास आला म्हणून सरळ गेटवर जाऊ नका.

१०. प्रवासात आणि परत आल्यावर

दुरुस्तीचं सामान मुठीत मावेल एवढंच: जाड सुई, नायलॉनचा दोरा, दोन सेफ्टी पिना, पेन्सिलीभोवती गुंडाळलेली थोडी कापडी चिकटपट्टी. कात्री नको. चेन मागून उघडायला लागली तर बहुधा दात नाही, रनर ढिला झालेला असतो. होस्टेलच्या स्वागतकक्षात पक्कड मागा आणि रनरच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या दाबा, परत येईपर्यंत टिकतं. घरी आल्यावर बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून रनर बदलून घ्या. तो नवी चेन घालायला सांगेल, आधी फक्त रनर बदलून बघायला सांगा.

पावसासाठी सॅकवर घालायचं कव्हर न्याच, पण कपडे आत जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. कापड पाणी अडवतं, शिवणी अडवत नाहीत.

परत आल्यावर सॅक वॉशिंग मशिनमध्ये टाकू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश; मग उलटी करून सावलीत दोन दिवस वाळवा. जूनच्या आधी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर चढवू नका. कपाटात, कपड्यांसोबत, चेन अर्धवट उघडी ठेवून टांगा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा पंख्याखाली ठेवा.